पळसदरी ते व्हँकुव्हर

शनिवार, १० जानेवारी २०२६

सकाळी सव्वासातला ऋषिकेशच्या मोबाइलवर जावयाचा, अनुपमचा, फोन आला. आमच्या लेकीला, सुप्रियाला, गाडीने उडवलं. तिकडे व्हँकुव्हरला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. औषधाच्या दुकानातली ड्युटी संपवून ती चालत घरी निघाली होती. पाऊस होता, अंधार लवकर पडतो. रस्ता ओलांडताना धक्का बसला. डोक्याला मार आहे, ऑपरेशन चालू आहे. एवढंच कळलं.

"शुद्धीवर हाय का?" मी ऋषिकेशला विचारलं.

"ऑपरेशन चालू हाय म्हंतात, बाबा."

सुप्रियाची आई, जयवंता, भाकरी करत होती. तव्यावरची करपून काळी झाली तरी तिने उलटली नाही. मीच गॅस बंद केला.

दुपारी परत फोन. ऑपरेशन झालं, आता यंत्रावर ठेवलंय. मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, मी येऊ का? अनुपम लगेच म्हणाला, "हो बाबा, या. शक्य तितक्या लवकर या." लग्नाला नऊ वर्षं झाली, जावयाने मला एवढ्या आग्रहाने कधी बोलावलं नव्हतं. जरा बरं वाटलं.

रविवार, ११ जानेवारी

एस.टी.त एकतीस वर्षं काढली. शेवटची अकरा कर्जत स्थानकात वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीशी येऊन कोणी गावाचं नाव घेतलं की किती किलोमीटर आणि किती वेळ, हे मी वही न उघडता सांगायचो. माझी लेक आठ वर्षं व्हँकुव्हरला राहते. ते किती लांब आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

ऋषिकेशने मोबाइलवर काढून दिलं. मुंबईपासून सरळ रेषेत बारा हजार दोनशे साठ किलोमीटर. विमान तासाला नऊशे धरलं तर साडेतेरा तास होतात. म्हटलं, काही नाही, एक दिवसही लागत नाही. तो म्हणाला, "सरळ विमान नाय बाबा. दिल्लीवरून जावं लागंल. आणि आधी व्हिसा." व्हिसाला किती दिवस लागतील ते कोणीच सांगत नाही.

सुप्रियाने आम्हाला तीनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा मी म्हणालो, भातकापणी आहे. दुसऱ्यांदा गुडघा. तिसऱ्यांदा म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. ती हसून म्हणाली, "बाबा, तुमचं पुढचं वर्ष कुठल्या फलाटाला लागतं ते तरी सांगा."

खरं कारण इथे लिहितो. मला विमानाची भीती वाटते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

पासपोर्ट माझा एकट्याचाच तयार आहे. जयवंतेचा अडकला. शाळेच्या दाखल्यावर जयवंता, आधारवर जयवंती. कर्जतला तहसील कचेरीत जाऊन एक प्रतिज्ञापत्र करायचं होतं, एका सकाळचं काम. दोन वर्षं मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. आज ती म्हणाली, "मग तुमी एकलेच जा." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १३ जानेवारी

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. पुतण्या दत्ताने त्याची ईको गाडी काढली. चौक गाव मागे पडलं. मग दत्ता म्हणाला, "काका, तिकडचे डाक्टर लय हुशार असतात." मी म्हटलं, हो.

अनुपमने दवाखान्याचं पत्र पाठवलं होतं. ऋषिकेशने ते पाकिटातच ठेवलं. मी मागितलं तर म्हणाला, इंग्रजी हाय बाबा. खिडकीवरच्या मुलीने पत्र उघडून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. मला वाटलं काहीतरी चुकलं. तर तिने आतून माझ्यासाठी खुर्ची आणली आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी माझे ठसे घेतले. ऋषिकेशला हळूच इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्याने नुसती मान हलवली.

सरकारी कामातसुद्धा चांगली माणसं असतात. तिचं नाव विचारायचं राहिलं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरात तिळगूळ केला नाही.

अनुपमची आई, द्वारकाताई, कर्जतहून रिक्षा करून आल्या. त्यांचं घर गावात जुनं, सगळे शिकलेले. आमचं येणंजाणं लग्नकार्यापुरतंच. आज त्या थेट आतल्या खोलीत गेल्या आणि जयवंतेजवळ खाली जमिनीवर बसल्या. तासभर बसल्या असतील. निघताना त्यांनी जयवंतेला जवळ घेतलं, आणि जयवंताच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

संध्याकाळी अनुपमने व्हिडिओवर सुप्रियाला दाखवलं. डोक्याला पांढरं बांधलंय, चेहरा सुजलाय, पण श्वास अगदी एकसारखा चालतो. छाती वर, खाली, वर, खाली, जराही चुकत नाही. लहानपणी अंगात ताप असला की ही धापा टाकायची. आता किती शांत झोपली आहे. मी जयवंतेला म्हटलं, बघ तरी. तिने एकदा बघितलं आणि उठून गोठ्यात गेली.

मी मागोमाग गेलो. "अगं, काय विचारायचं ते विचार की जावयाला. काल आमी नसताना तासभर फोन घेऊन बसलीस म्हणे, आज तोंडातून शब्द नाय."

"काय इचारू?" ती म्हणाली. म्हशीपुढे पेंढा टाकत राहिली.

बायकांचा धीर लवकर सुटतो. मला मात्र आज पहिल्यांदा आशा वाटते आहे.

शनिवार, १७ जानेवारी

अजून व्हिसा नाही.

अनुपम म्हणाला, "डॉक्टरांशी बोललोय. बाबा येईपर्यंत थांबू म्हणतात." मी यावर दिवसभर विचार केला. जिथे घाई असते तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही. डॉक्टर थांबायला तयार आहेत म्हणजे धोका टळलेला आहे. पुढचं मोठं ऑपरेशन असेल, वडिलांची सही लागत असेल. हे मी ऋषिकेशला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "असंल, बाबा." आणि चप्पल घालून धरणाकडे गेला. हल्ली सारखा बाहेर जातो. कंपनीतून रजा घेतली आहे ती घरात थांबायला की फिरायला?

अनुपम आणखी एक म्हणाला, "बाबा, तुम्ही आल्यावर डोनेशनचं पण बोलायचंय. सुप्रियाने नाव नोंदवलं होतं." मी म्हटलं, जरूर. माझं रक्त बी पॉझिटिव्ह, तिचंही तेच. फोन ठेवल्यावर आठवलं, मी हृदयाच्या गोळ्या घेतो, माझं रक्त चालेल का? ऋषिकेशला विचारलं तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "चालंल बाबा. तुमचं चालंल."

सोमवार, १९ जानेवारी

व्हिसा आला! उद्याचंच तिकीट. पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून सकाळी साडेनऊला दिल्ली, दिल्लीहून दुपारी तीनला व्हँकुव्हर.

मी नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ आणि आवळकाठी भरली. माणूस आजारातून उठला की तोंडाला चव नसते. जयवंतेने एक पिशवी आणून दिली. उघडून बघितली तर नवी हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकवाच्या पुड्या.

"दवाखान्यात साडी नेसवतात का गं? येडी का काय तू?"

"राहू द्या. तिकडं मिळायचं नाय."

"ती बरी होऊन इकडं आल्यावर नेसव."

"अवं, राहू द्या म्हंते ना. त्याचं काय वजन होतं?"

मी नाचणीच्या सत्त्वावर ठेवली. तिने ती काढली आणि माझ्या हातातल्या पिशवीत घातली. म्हणाली, "ही जवळ ठेवा. सामानात हरवंल."

मंगळवार, २० जानेवारी (विमानात)

निघताना जयवंता फाटकापर्यंत आली. "तिला सांगा..." म्हणाली. मग म्हणाली, "येळेवर जेवा." ऋषिकेश आत सोडत नाहीत तिथपर्यंत आला. पाया पडला आणि उठेचना. लोक बघायला लागले. मी म्हटलं, उठ रं, मी काय कायमचा चाललोय?

दिल्लीपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. या मोठ्या विमानात शेजारी एक पंजाबी बाबा आहेत, मुलाकडे दरवर्षी जातात. विमान उठताना माझे हात बघून म्हणाले, "पहली बार?" आणि माझ्या मनगटावर त्यांचा हात ठेवला. विमान सरळ होईपर्यंत काढला नाही. कुणाकडे जाताय विचारलं. म्हटलं, बेटी बीमार है, अब ठीक हो रही है. ते म्हणाले, वाहेगुरू मेहर करेगा.

समोर पडद्यावर नकाशा दिसतो. विमान सरळ जात नाही, आधी खूप वर जातं आणि मग खाली उतरतं. बाबा म्हणाले, धरती गोल है, यही सीधा रास्ता है. खाली आकडा दाखवतात. निघालो तेव्हा अकरा हजार शंभरच्या वर होता. आता सहा हजार चारशे. दहा मिनिटांत दीडशे किलोमीटर कमी होतात. एवढा वेग मी आयुष्यात अनुभवला नाही आणि तरी काही हलत नाही. भीती आता कमी आहे. जवळ जातो आहे हे दिसतंय, त्यामुळे असेल.

मी मनात सगळं ठरवलंय. मार्चपर्यंत ती हिंडूफिरू लागेल. मग तिला दोन महिने पळसदरीला आणायचं. पडवीतली खोली तिला देऊ, खाली बसवणार नाही म्हणून कमोड बसवून घ्यायचा. जयवंतेचं प्रतिज्ञापत्र परतल्या परतल्या करायचं, पहिल्या दिवशी.

एक गंमत. विमान तीनला सुटलं. साडेचौदा तास लागतात. आणि तिथे पोचणार मंगळवारीच, चारला. नोंदवहीत लिहिलं तर प्रवास एका तासाचा.

बुधवार, २१ जानेवारी, व्हँकुव्हर

काल विमानतळावरून थेट दवाखान्यात गेलो. अनुपम अर्धा झालाय, दाढी वाढलेली. सुप्रियाजवळ गेलो, म्हटलं, "सुपे, मी आलो गं. आलो शेवटी." हात गरम होता. मी बराच वेळ धरून बसलो.

आज सकाळी एका लहान खोलीत बसवलं. एक डॉक्टरीणबाई होत्या, आणखी एक बाई. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून सावकाश बोलल्या. अनुपमने मराठीत सांगायचं होतं. त्याने सुरुवात केली, "बाबा, त्या म्हणतात की स्कॅनमध्ये..." आणि थांबला. त्या पुन्हा बोलल्या. तो पुन्हा थांबला.

मी म्हटलं, "सांग."

"बाबा, ती परत येणार नाहीये."

"कुठून?"

त्याने रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मग मला कळलं.

श्वास यंत्राचा आहे. तो इतका एकसारखा चालत होता तो त्यामुळेच. मेंदू आता कधीच जागा होणार नाही. यंत्र काढायचं आहे आणि त्यासाठी हे सगळे माझी वाट बघत थांबले होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवशीच सांगितलं त्यांनी."

"ऋषिकेशला?"

"त्याला लगेच सांगितलं."

"आणि तिच्या आईला?"

अनुपमने मान खाली घातली. "आईंनी संक्रांतीच्या आदल्या दिवशी फोन करून सरळ विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. त्याच म्हणाल्या, बाबांना तिथे पोचेपर्यंत कोणी काही सांगायचं नाही. म्हणाल्या, ते विमानाला घाबरतात. एवढा रस्ता एकटे बसणार, त्यांना हे बरोबर देऊ नका."

मी मुंबईत ठसे देत होतो तेव्हा ती घरी हे ऐकत होती. त्यानंतर सात दिवस ती घरात माझ्यासमोर वावरली. मला वेळेवर गोळ्या दिल्या. माझं कमोडचं बोलणंसुद्धा ऐकलं असतं तिने, मी विमानात ठरवलं म्हणून वाचली.

दुपारी अनुपमच्या घरी ही वही काढून मागची पानं वाचली. सगळं लिहिलेलं आहे. खुर्ची आणणारी मुलगी, धरणावर जाणारा ऋषिकेश, हिरवी साडी. माझ्याच अक्षरात लिहिलंय आणि मला वाचता आलं नाही. सवाष्णीला हिरवी साडी कधी नेसवतात हे मला माहीत नव्हतं का?

डोनेशन म्हणजे रक्त नव्हे. सुप्रियाने चार वर्षांपूर्वी लिहून दिलंय. मूत्रपिंडं, यकृत, डोळे. मी आधी नाही म्हणालो. ओरडलो. म्हटलं, माझ्या लेकीला कापणार तुम्ही? अनुपम म्हणाला, "तिचीच इच्छा आहे, बाबा. पण तुम्ही नको म्हणालात तर मी नको सांगेन. मी भांडणार नाही." त्याच्यावर ओरडायलाही काही उरलं नाही. मी तिला तीनदा नाही म्हणालो आहे. आज चौथ्यांदा म्हणवेना.

त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता. मी जन्मभर गाड्यांना वेळ दिली. ही देता येईना. मी जयवंतेला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "कळलं का?"

"कळलं."

मग मी वेळेचं विचारलं.

"रात्रीचं नको," ती म्हणाली. "आमच्याकडं उजाडू द्या. देवापुढं दिवा लावते, मग."

तिच्याकडची सकाळ म्हणजे इथली आदली संध्याकाळ. साडेतेरा तासांचा फरक. तेवढं गणित मला आलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

काल लिहू शकलो नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही आत गेलो. नर्सने साडी दुलईवरून पसरायला मदत केली, निऱ्यांसारख्या घड्या मी सांगितल्या तशा घातल्या. कपाळ बांधलेलं होतं, म्हणून हळदकुंकू भुवयांच्या मध्ये अगदी खाली लावलं. बांगड्या चढेनात, हात सुजलाय. एकच कशीबशी चढली. बाकीच्या उशाशी ठेवल्या.

जयवंता फोनवर होती. म्हणाली, फोन तिच्या कानाशी धरा आणि तुम्ही ऐकू नका. मी धरला. तरी ऐकू येत होतं. मला वाटलं रडेल. ती नुसती बोलत होती, रोजच्यासारखी. वालाला शेंगा धरल्यात. मागच्या बांधावर पाणी उशिरापर्यंत टिकलं यंदा. म्हशीला रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका हाय. द्वारकाताई रोज येतात, त्यांना चहा कमी साखरेचा लागतो. "तू दमलीस ना गं," म्हणाली. "नीज आता. बाबा हायत तिथं."

यंत्र काढलं. त्यानंतर ती आपली आपण बावीस मिनिटं श्वास घेत होती. तो श्वास एकसारखा नव्हता, अडखळत होता, लहानपणी तापात घ्यायची तसा. तिचा स्वतःचा होता. सहा चाळीसला थांबला.

मग लगेच तिला घेऊन गेले. पळत नव्हते पण थांबलेही नाहीत. साडी माझ्या हातात दिली. अनुपम भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही नऊ वर्षांत एकमेकांना कधी हात लावला नव्हता, नमस्कारापुरता सोडून. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

दिवसभर पाऊस. हा इथला पाऊस आवाज करत नाही. अनुपम कागदपत्रांच्या मागे आहे. अग्नी बुधवारी देतील, तोवर नंबर नाही. परतीचं तिकीट शुक्रवारचं मिळालंय. अस्थी बरोबर देणार.

तिच्या स्वयंपाकघरात मी चहा करायला गेलो. मसाल्याच्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या लावल्यात. गोडा मसाला, आईचा. काळा मसाला, आईचा. मी ते कपाट परत उघडलेलं नाही. नाचणीचं सत्त्व पिशवीतच आहे.

संध्याकाळी दत्ताचा फोन आला. त्याच्याकडे सोमवारची सकाळ.

"काका, दहाव्याचं इचारायचं हुतं. भटजी तारीख मागतात. ऋषी म्हंतो बावीस, काकी म्हंते तेवीस. कंची धरायची?"

मी अनुपमकडे बघितलं. त्याने मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यावर गुरुवार, बावीस जानेवारी, संध्याकाळी सहा चाळीस, असं छापलेलं आहे. दाखला बरोबर आहे. इथे तीच तारीख होती, तीच वेळ होती, मी स्वतः घड्याळ बघितलं.

"काकी काय म्हणाली? नीट सांग," मी विचारलं.

"म्हंते, शुक्रवारी सकाळी दिवा लावला तवा माझी लेक जित्ती हुती. मी तिच्याशी बोलले. म्हंते, गुरुवारी कशी जाईल ती?"

मी दाखला घडी करून अनुपमला परत दिला.

"तेवीस धर," मी दत्ताला म्हणालो.

"कागदावर मग..."

"कागद इकडचा हाय रं. तिची आई तिकडं हाय. शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गेली आपली सुप्रिया. भटजींना तसंच सांग, आणि ऋषिकेशलाही सांग, आईशी वाद घालू नको."

त्याने फोन जयवंतेकडे दिला. मला वाटलं ती काही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारच ना?"

मी म्हणालो, "शुक्रवारच."